माझ्या छातीत काय बसवलंय, त्याची पावती द्या

प्रति,
मा. औषध महानियंत्रक (भारत),
केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना, नवी दिल्ली

प्रत माहितीसाठी: मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य. तसंच स्तनांच्या शस्त्रक्रिया करणारे सर्व प्लास्टिक सर्जन

स.न.वि.वि.

सांगलीतल्या एका नागरी सहकारी बँकेत मी ३१ वर्षं नोकरी केली. त्यातली शेवटची १२ सोनेतारणाच्या टेबलावर गेली. एखादी बाई पाटल्या आणि बोरमाळ रुमालात गुंडाळून आणायची. प्रत्येक डाग वेगळा तोलायचा. एकूण वजन, खडे आणि लाख वजा जाता निव्वळ वजन, सराफाचा शेरा, मग पाकिटाला सील, त्यावर तिची सही, माझी सही, आणि पावतीची एक प्रत तिच्या हातात. ती प्रत न देता मी कुणाला घरी पाठवलं असतं, तर दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी मला उभं केलं असतं. दोन ग्रॅमच्या कुड्या असल्या तरी नियम तोच.

२०१४ साली कर्करोगामुळे माझा डावा स्तन काढला आणि त्या जागी सिलिकॉनचं इम्प्लांट बसवलं. शस्त्रक्रिया पुण्यात झाली. हॉस्पिटलचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण त्यांनी मला बरं केलं आणि ही तक्रार त्या एका हॉस्पिटलपुरती नाहीच. पण ते इम्प्लांट कुठल्या कंपनीचं, कुठल्या प्रकारचं, कुठल्या बॅचचं, हे आजही मला माहीत नाही. कुड्यांची पावती मिळते, या वस्तूची मिळाली नाही. माझं गाऱ्हाणं एवढंच आहे, आणि ते सांगायला थोडं लांबण लावावं लागणार आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते.

गाठ सापडल्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत मी गाठीचा प्रकार, टप्पा, केमोचे डोस हे सगळं वहीत लिहून ठेवलं होतं. टेबलावरची सवय, दुसरं काय. इम्प्लांटचं बोलणं मात्र पाच-सात मिनिटांत आटोपलं. डॉक्टरांनी सांगितलं की पोटाची चरबी आणि कातडी घेऊनही स्तन करता येतो, पण ते ऑपरेशन मोठं, सूक्ष्म रक्तवाहिन्या जोडाव्या लागतात, बरं व्हायला वेळ लागतो, पाठीचा स्नायू फिरवूनही करता येतो, नाहीतर इम्प्लांट. काहीच न करता सपाट राहून ब्रामध्ये बाहेरून घालायचा कृत्रिम स्तन वापरणं हाही एक मार्ग होता, तो एका बाईंनी मला नंतर वेटिंग रूममध्ये सांगितला. त्यांनी स्वतःचा लोकरीचा विणलेला दाखवलासुद्धा, मोरपंखी रंगाचा.

मी इम्प्लांट निवडलं. आधी कातडी ताणायला एक्स्पांडर बसवला. ती एक रिकामी पिशवी असते, तिच्या झडपेतून दर काही दिवसांनी सुईने सलाइन भरत जायचं. पाच महिने आम्ही महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री सांगलीहून निघायचो, पहाटे पुणे स्टेशनवर उतरायचो, वेटिंग रूममध्ये तोंड धुऊन, चहा पिऊन नंबर लावायचो. सुई टोचली की छाती दगडासारखी घट्ट व्हायची आणि परतीच्या गाडीत यजमान माझ्या डाव्या बाजूला बसून गर्दीचे धक्के अंगावर घ्यायचे. मग एक्स्पांडर काढून कायमचं म्हणून इम्प्लांट आलं. डिस्चार्ज कार्डावर त्याबद्दल एक ओळ आहे, तिचा अर्थ होतो ‘डाव्या बाजूला सिलिकॉन इम्प्लांटने पुनर्रचना’. बिलात आणखी एक ओळ: ‘इम्प्लांट, १ नग’. पुढे रक्कम.

‘१ नग’ हा शब्द मी नोकरीत हजारदा लिहिलाय. त्याच्यापुढे नगाचं वर्णन लिहावं लागतं.

जुलै २०१९. मी दुपारी डबा खात मोबाइल बघत होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, ॲलर्गन कंपनीला तिची ‘बायोसेल’ नावाच्या खरबरीत पृष्ठभागाची इम्प्लांट्स बाजारातून परत घ्यायला सांगितली होती आणि कंपनीने ती जगभरातून मागे घेतली, अशी बातमी. कारण काय, तर इम्प्लांटभोवती होणारा एक विरळा कर्करोग. हा स्तनाचा कर्करोग नव्हे. इम्प्लांटभोवती शरीर जे आवरण तयार करतं त्यात किंवा तिथे साठलेल्या पाण्यात रोगप्रतिकारक पेशींचा हा लिम्फोमा होतो. त्या वेळपर्यंत जगभरातून ५७३ रुग्ण आणि ३३ मृत्यू नोंदले गेले होते. ५७३ पैकी ४८१ जणींची इम्प्लांट्स ॲलर्गनची होती.

कोट्यवधी बायकांच्या मानाने ५७३ हा आकडा लहान आहे, हे मला कळतं. घाबरून मी काही करणार नव्हते. ज्यांना काही त्रास नाही त्यांनी इम्प्लांट काढून घ्यायची गरज नाही, असंही एफडीएने त्याच वेळी सांगितलं होतं. मला फक्त बघायचं होतं की माझं त्या यादीतलं आहे का. घरी येऊन फाइल काढली. सगळे कागद पलंगावर पसरले. ‘१ नग’.

हॉस्पिटलला फोन केला. रेकॉर्ड रूममधल्या मुलीने अगदी नीट बोलून सांगितलं, “मॅडम, २०१४ च्या फाइली आता नाहीत.” ज्यांनी शस्त्रक्रिया केली ते डॉक्टर दुसऱ्या शहरात गेले होते. त्यांनी आठवून दोन कंपन्यांची नावं सांगितली, “यातलं एक असेल.” ज्या दुकानातून माल यायचा त्या वितरकाने धंदा बंद केला होता. कुणीही माझ्याशी वाईट वागलं नाही. प्रत्येकाने आपापल्या परीने मदतच केली. माझ्या प्रश्नाचं उत्तर ठेवण्याची जबाबदारीच कुणावर नव्हती.

फाइल नष्ट करण्यातही हॉस्पिटलने काही चूक केली नव्हती. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे जे नियम आहेत, त्यांत आंतररुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपायला सांगितलंय. आता हा हिशेब आपणच तपासा. कागद जपायचे ३ वर्षं. हा लिम्फोमा दिसतो तो बहुतेक वेळा इम्प्लांट बसवल्यावर ८ ते १० वर्षांनी. इम्प्लांट फुटलंय का हे बघायला पहिली एमआरआय किंवा सोनोग्राफी करायची ५-६ वर्षांनी, पुढे दर २-३ वर्षांनी. ही शिफारस एफडीएने २०२१ मध्ये केली. म्हणजे धोका जेव्हा दारात येतो तेव्हा घराचा पत्ताच पुसलेला असतो. आमच्या बँकेत तारण सुटेपर्यंत कागद फाडायची कुणाची छाती नव्हती. माझं तारण अजून सुटलेलं नाही, साहेब. वस्तू आत आहे.

हे फक्त माझ्याच बाबतीत झालं असतं तर नशीब म्हणून सोडून दिलं असतं. पण त्याच जुलै २०१९ च्या आकड्यांत एक तपशील आहे, त्याने माझी झोप उडवली. ३३ मृत्यूंपैकी इम्प्लांटचा उत्पादक माहीत होता तो फक्त १३ जणींच्या बाबतीत. त्यातल्या १२ जणींचं ॲलर्गनचं निघालं. उरलेल्या २० जणींच्या शरीरात कुणाचं इम्प्लांट होतं, ते नोंदीत नव्हतं. अमेरिकेच्या प्रशासनाकडच्या नोंदीत! मरण पावलेल्या २० बायकांच्या नावापुढे ‘१ नग’.

मग मी या विषयाचं वाचतच गेले. निवृत्तीनंतर शेजारणी भजनी मंडळात गेल्या, मी इम्प्लांट वाचत बसले. जगातली पहिली सिलिकॉन इम्प्लांट शस्त्रक्रिया १९६२ साली टेक्सासमधल्या ह्यूस्टनला झाली. पुढची ३० वर्षं ही वस्तू अमेरिकेत सर्रास विकली गेली आणि मग १९९२ मध्ये तिथल्या प्रशासनाने म्हटलं की सिलिकॉन जेल सुरक्षित आहे याचा पुरेसा पुरावा कंपन्यांनी दिलेलाच नाही. कर्करोगानंतरची पुनर्रचना आणि चाचण्या सोडून बाकी वापर थांबवला. दाव्यांच्या ओझ्याखाली डाऊ कॉर्निंग ही इम्प्लांट बनवणारी कंपनी १९९५ मध्ये दिवाळखोरीत गेली. १९९९ मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीने सगळा पुरावा चाळून सांगितलं की सिलिकॉनमुळे संधिवातासारखे आजार होतात असं दिसत नाही, मात्र आवरण आवळणं, इम्प्लांट फुटणं, पुन्हा ऑपरेशन करावं लागणं हे त्रास खरे आणि वारंवार होणारे आहेत. २००६ मध्ये बंदी उठली, अट अशी की कंपन्यांनी हजारो बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करावा. तो किती झाला? मार्च २०१९ मध्ये मेंटॉर आणि सिएंट्रा या दोन कंपन्यांना, पाठपुराव्याचे अभ्यास नीट पार पाडले नाहीत म्हणून इशाऱ्याची पत्रं गेली. अटीवर कर्ज द्यायचं आणि हप्त्याची चौकशी करायची नाही, असला हा कारभार. तिथेही.

फ्रान्सची गोष्ट तर आपल्या खात्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. पॉली इम्प्लांट प्रोथेस, म्हणजे पीआयपी. या कंपनीने वैद्यकीय दर्जाच्या जेलऐवजी स्वतः कालवलेलं, औद्योगिक दर्जाचं स्वस्त सिलिकॉन भरलं. मार्च २०१० मध्ये माल बाजारातून काढला गेला तोवर ६५ देशांतल्या सुमारे ३ लाख बायकांच्या अंगात तो पोचला होता. युरोपच्या नियमाप्रमाणे गुणवत्तेचा दाखला देणारी जर्मन संस्था वर्षानुवर्षं तपासणीला येत होती, आधी कळवून. पाव्हणे येणार म्हटल्यावर घर आवरतात, तसं कारखान्यात नको ते ड्रम आणि कागद हलवले जायचे. मालक झाँ-क्लोद मास याला डिसेंबर २०१३ मध्ये ४ वर्षांची शिक्षा झाली. पण आपल्याकडच्या एखाद्या बाईच्या दृष्टीने प्रश्न वेगळा आहे. फ्रान्स सरकारने डिसेंबर २०११ मध्ये ही इम्प्लांट्स काढून घ्यायचा सल्ला दिला, तेव्हा आपलं त्यातलं आहे का हे तिने कुठे बघायचं?

आणि हा प्रश्न आपल्या देशाला नवा नाही. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीचे एएसआर नावाचे खुब्याचे सांधे २०१० मध्ये जगभरातून परत बोलावले गेले. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत ते बसवलेले होते. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने त्या वेळी पाठपुरावा केला, हे आवर्जून लिहिते. तरी केंद्राच्या तज्ज्ञ समितीचा अहवाल २०१८ उजाडल्यावर आला, भरपाईचं सूत्र ठरलं, ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत, आणि तोवर बरेच रुग्ण सापडेनासे झाले होते. पैसे द्यायला तयार, घेणारा कुठे आहे ते माहीत नाही. एक खुबा माणसाला लंगडायला लावतो म्हणून तरी तो तक्रार करतो. स्तनाच्या बाबतीत बाई बोलतच नाही.

न बोलण्याबद्दल मला थोडं सांगायचंय. माझ्या बँकेत मी ‘गाठीचं ऑपरेशन’ एवढंच सांगितलं होतं. कशाची गाठ, हे विचारायची कुणाची हिंमत झाली नाही आणि सांगायची माझी. कर्करोग म्हटलं की निदान सहानुभूती तरी मिळते. ज्या मुली हौसेने किंवा लहानपणापासूनच्या न्यूनगंडापायी ही शस्त्रक्रिया करून घेतात, त्यांच्याकडे लोक दात काढून बघतात. माझ्या एका ओळखीच्या मुलीने लग्नाआधी केली. तिने बिल, फाइल, सगळं फाडून टाकलं, सासरी सापडू नये म्हणून. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मी त्या घरात राहत नाही. पण म्हणूनच तिची नोंद तिच्या कपाटावर अवलंबून ठेवता येत नाही, ती दुसरीकडे कुठेतरी गुप्तपणे असायला हवी. शरीर स्त्रीचं करून घेणाऱ्या ट्रान्स स्त्रियांनाही हेच लागू आहे, त्यांना तर कागद जपायला कधीकधी घरही नसतं.

आता पावतीवर काय असावं ते सांगते. हे मी माझ्या अकलेने लिहीत नाही. इम्प्लांटच्या खोक्यातच कंपनीने छापलेले सोलून चिकटवायचे स्टिकर असतात. त्यावर कंपनी, मॉडेल, आकारमान, बॅच आणि प्रत्येक नगाचा अनुक्रमांक असतो. एक स्टिकर रुग्णाच्या फाइलीसाठी, एक रुग्णाच्या कार्डासाठी. म्हणजे पावती छापून तयार आहे. ती खोक्याबरोबर कचऱ्यात जाते किंवा फाइलीबरोबर रद्दीत.

त्या स्टिकरवरच्या प्रत्येक शब्दाला अर्थ आहे. आधी, आत काय भरलंय. मिठाचं पाणी असेल तर फुटल्यावर स्तन एक-दोन दिवसांत बसतो, कुणी सांगावं लागत नाही, पाणी शरीर शोषून घेतं. सिलिकॉन जेल असेल तर फुटल्याचं कळतच नाही असं पुष्कळदा होतं. बाहेरून आकार तोच. एमआरआयमध्ये फाटलेलं कवच जेलमध्ये तरंगताना वळ्या-वळ्यांचं दिसतं. त्याला तिकडचे डॉक्टर एका इटालियन शेवईचं नाव देतात. जेलही सगळं सारखं नसतं. जुनं पातळ होतं. नवं घट्ट, कापलं तरी न वाहणारं, आपल्या खरवसाच्या वडीसारखं म्हणा, पण ते फुटत नाही असा गैरसमज नको.

मग पृष्ठभाग. इथेच सगळी ग्यानबाची मेख आहे. गुळगुळीत इम्प्लांटभोवती शरीराने केलेलं आवरण कधीकधी आवळत जातं, स्तन कडक होतो, वाकडा होतो, दुखतो. बेकर नावाच्या प्रतवारीत त्याच्या चार पायऱ्या आहेत. हे आवळणं कमी व्हावं आणि इम्प्लांट जागच्या जागी राहावं म्हणून खरबरीत पृष्ठभाग आला. बायोसेलचा पृष्ठभाग करायची रीत वाचून मी थक्क झाले. ओल्या सिलिकॉनवर मिठाचे कण दाबून बसवायचे, सिलिकॉन पक्कं झालं की मीठ धुऊन काढायचं. मागे बारीक खळगे राहतात, त्यांत शरीराची पेशी शिरून घट्ट धरते. पापडावर ओवा चिकटवावा इतकी साधी युक्ती, आणि लिम्फोमाचा सगळ्यात जास्त संबंध निघाला तो अशाच जाड्याभरड्या पृष्ठभागांशी. फ्रान्सने एप्रिल २०१९ मध्येच असे जास्त खरबरीत आणि पॉलियुरेथेन लावलेले प्रकार बंद केले. तेव्हा ‘सिलिकॉन इम्प्लांट’ एवढं लिहिणं म्हणजे ‘पिवळी धातू’ असं लिहून तारण घेणं.

आकाराचं थोडक्यात. गोल आणि थेंबासारखा असे दोन. थेंबासारखा आत फिरला तर स्तन वाकडा दिसतो, म्हणून तो बहुतेक खरबरीतच केला जायचा. डॉक्टरांनी ‘नॅचरल शेप’ म्हटलं असेल तर पृष्ठभाग कोणता होता हे विचारावं, यासाठी हे लिहिलं. आणि इम्प्लांट स्नायूच्या वर आहे की खाली, हेही कार्डावर असावं, कारण पुढे मॅमोग्राफी करणाऱ्या तंत्रज्ञाला ते उपयोगी पडतं. राहिलेल्या किंवा दुसऱ्या स्तनात इम्प्लांट असेल तर ते मागे सरकवून वेगळ्या पद्धतीने फोटो घ्यावे लागतात. तिथे गेल्यावर आधी सांगायचं असतं, हेही मला कुणी सांगितलं नव्हतं.

सुरक्षिततेबद्दल मी डॉक्टर नाही, म्हणून जे पक्कं छापलेलं आहे तेवढंच लिहिते. ऑक्टोबर २०२१ पासून अमेरिकेत प्रत्येक इम्प्लांटबरोबरच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीतला इशारा छापावा लागतो. त्यात आहे की ही आयुष्यभराची वस्तू नव्हे. जितकी वर्षं जास्त, तितका त्रासाचा संभव जास्त, आणि काही त्रासांत पुन्हा शस्त्रक्रिया लागते. त्यात लिम्फोमा आहे. आणि थकवा, सांधेदुखी, स्नायू दुखणं, डोक्यात धुकं साठल्यासारखं होणं अशी लक्षणं काही बायका सांगतात, तेही आहे. त्या शेवटच्या लक्षणांची कुठली एक तपासणी नाही, कारण नेमकं कळलेलं नाही, इम्प्लांट काढल्यावर काहींना बरं वाटतं. तरी ते चौकटीत छापलं गेलं, ते अशा बायकांनी सुनावणीत उभं राहून सांगितलं म्हणून. स्तनवाढीची शस्त्रक्रिया केलेल्या बायकांपैकी २० टक्क्यांपर्यंत बायकांना ८ ते १० वर्षांत इम्प्लांट काढावं लागतं, असा एफडीएचाच अंदाज आहे. आणि आपल्याकडे इन्स्टाग्रामवर ‘लाइफटाइम’ म्हणून जाहिरात दिसते. फुटलं तर कंपनी नवा नग फुकट देणार, ही लाइफटाइम वॉरंटी. नग फुकट असला तरी कापून घ्यायची छाती आपलीच असते.

अमेरिकेत त्याच २०२१ च्या आदेशाने एक यादी सक्तीची केली. प्रत्येक धोक्यापुढे रुग्णाने स्वतः आद्याक्षरं करायची, शेवटी डॉक्टरांची सही. ती न देणाऱ्या डॉक्टरला इम्प्लांट विकायचंच नाही. माझी संमती मी आदल्या रात्री नऊ वाजता दिली. सहा पानं इंग्रजीत, नर्सबाई पानं उलटत होत्या आणि बोटाने दाखवत होत्या, इथे, इथे, आणि इथे. मला इंग्रजी येतं. शेजारच्या कॉटवर जतजवळच्या खेड्यातल्या मावशी होत्या, त्यांचा अंगठा घेतला.

मग मी काय केलं? २०२० च्या शेवटी, लॉकडाऊन सैल झाल्यावर, ठेवीच्या व्याजातून एमआरआय करून घेतली. मशीनमध्ये पालथं झोपावं लागतं, छातीसाठी दोन खळगे असतात, माझ्या डाव्या बाजूला ते गार प्लास्टिक लागतच नव्हतं, तिथे संवेदना नाही. रिपोर्ट चांगला आला. कवच शाबूत, भोवती पाणी नाही. रेडिऑलॉजिस्ट बाईंना मी विचारलं, कंपनी कळते का? त्या म्हणाल्या, “काकू, एवढं सिलिकॉन आहे आणि फुटलेलं नाही, हे मी छातीठोक सांगते. नाव माझ्याच्याने नाही सांगता येणार.” तेव्हापासून एकच काम लक्षात ठेवलंय. डावी बाजू अचानक सुजली, गाठ लागली, तर वाट न बघता जायचं, साठलेलं पाणी तपासायला द्यायचं आणि हा लिम्फोमा ओळखणारी सीडी-३० ही चाचणी करा असं स्वतः सांगायचं. हा लिम्फोमा वेळेत सापडला तर इम्प्लांट आणि भोवतीचं आवरण पूर्ण काढून बहुतेक जणी बऱ्या होतात. माझ्या पाकिटात ही दोन वाक्यं कागदावर लिहून ठेवली आहेत, मराठीत आणि इंग्रजीत. सुनेला कागद कुठे आहे ते दाखवलंय.

साहेब, मागणं फार नाही. खोक्यातला स्टिकर रुग्णाच्या हातात गेल्याशिवाय डिस्चार्ज नाही, असा नियम करा. युरोपात असं इम्प्लांट कार्ड रुग्णाला देणं मे २०२१ पासून कायद्यानेच बंधनकारक आहे. तोच तपशील डिस्चार्ज कार्डावर लिहायला लावा. इम्प्लांटचे कागद ३ वर्षांत फाडायची मुभा काढून घ्या. वैद्यक आयोगाचा तो विषय असेल तर आपण त्यांना लिहा, आमच्या पत्राला तिथे कोण विचारतं. देशाची एक नोंदवही करा. ऑस्ट्रेलिया आणि नेदरलँड्समध्ये ती २०१५ पासून आहे, आणि ‘मला नको’ असं सांगितलं नाही तर प्रत्येक बाईची नोंद आपोआप होते. इंग्लंडने पीआयपीच्या चटक्यानंतर २०१६ मध्ये सुरू केली. नाव गुप्त ठेवून ते तिथे जमतं. आपल्याकडे २०१५ पासून उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम आहे, गाझियाबादहून चालतो, तिथे रुग्णही तक्रार कळवू शकतो. चांगली गोष्ट आहे. पण त्या फॉर्मवर रकाने आहेत उपकरणाचं नाव, कंपनी, बॅच. तिथे मी काय लिहू?

धोक्यांची यादी मराठीत, कन्नडमध्ये, हिंदीत काढा, आणि ती आदल्या रात्री नको, निदान आठवडाभर आधी घरी न्यायला द्या. सर्जनांच्या संघटनांनी ही दोन पानं तयार करून दिली तरी आम्ही आभारी राहू, त्याला राजपत्राची वाट बघायला नको. विमा कंपन्यांनाही एकदा आठवण द्यावी: सौंदर्योपचार वगळण्याच्या त्यांच्या प्रमाणित कलमातच अपघात, भाजणं आणि कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेला सूट आहे. माझा दावा ‘कॉस्मेटिक’ असा शिक्का मारून परत आला होता. कलमाला लाल रेघ मारून पुन्हा पाठवला, मग मंजूर झाला. ज्यांना कलम वाचता येत नाही त्यांचं काय झालं असेल याचा अंदाज मला बँकेतल्या अनुभवावरून आहे.

उत्तराची अपेक्षा ठेवून थांबते.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली

ता.क. माझ्या जुन्या सहकाऱ्याच्या सुनेची गेल्या पावसाळ्यात हीच शस्त्रक्रिया झाली. ॲडमिट होण्याआधी मी तिला जाड प्लास्टिकचं एक पाकीट दिलं आणि सांगितलं, थिएटरच्या सिस्टरला आजच सांगून ठेव, स्टिकर मला हवाय. सिस्टरने विचारलं, “तुम्हाला कशाला?” मग म्हणाली, “बरं, ठेवते.” तिसऱ्या दिवशी पाकिटात स्टिकर होता. गोल, गुळगुळीत, सिलिकॉन जेल, ३२५ मिली, खाली बारकोड आणि अनुक्रमांक. तिने तो आधार कार्डाच्या झेरॉक्सच्या मागे चिकटवून वर चिकटपट्टी लावली, आणि मला फोटो पाठवला. चष्मा लावून मी तो अनुक्रमांक दोनदा वाचला.